पुढच्या एमआरआयपर्यंतचे सहा महिने

पत्र :

मॅडम, माझं वय ३९. कराड तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी भाकरी उलटताना बोटं तव्यावर टेकली आणि मला ते कळलंच नाही. कातडी करपल्याचा वास आला तेव्हा हात ओढून घेतला. तिथून तपासण्या सुरू झाल्या. मानेत, मज्जारज्जूच्या आत गाठ निघाली. एपेंडिमोमा, ग्रेड दोन. ऑपरेशन झालं. बरीचशी गाठ निघाली, पण एक तुकडा चिकटलेला होता, तो डॉक्टरांनी तसाच ठेवला. तेव्हापासून एमआरआय चालू आहेत. आधी तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षाने. मागच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये उरलेली गाठ १२ मिलिमीटर होती, या वेळी १४ लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, स्टेबल आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. १२ चे १४ झाले तर स्टेबल कसं? एकदाच उघडून सगळं काढून का टाकत नाहीत? रात्री झोप लागत नाही. जरा मुंग्या आल्या की वाटतं, वाढली. सासूबाई म्हणतात, ऑपरेशन झालं ना, मग आता काय? शाळेत वाटतं मी कामचुकार आहे. भाऊ एका वैद्यांचा काढा घे म्हणून मागे लागलाय. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला आम्ही काहीच सांगितलेलं नाही. हे असं किती वर्षं जगायचं?

उत्तर :

बाई, वर्गातली मुलं तुम्हाला याच नावाने हाक मारत असतील, म्हणून मीही तीच मारते.

मी ३४ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी मेंदू आणि मणक्याच्या वॉर्डात. पण तुम्हाला लिहिताना त्याहून जवळचं कारण आहे. माझ्या थोरल्या भावाच्या कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो तिथे, याच जातीची गाठ होती. तीही पूर्ण निघाली नाही. सोळा वर्षं झाली, दादाचे एमआरआय चालू आहेत. त्यामुळे तुम्ही 'असं किती वर्षं' विचारता तेव्हा त्याचं उत्तर मला घरातूनच ठाऊक आहे. पुष्कळ वर्षं. या गाठी सावकाश वाढतात, आणि दहा-दहा वर्षांनीही पुन्हा डोकं वर काढू शकतात, म्हणून नजर ठेवणं लवकर संपत नाही. हे तुमच्यापासून लपवून मी तुम्हाला धीर देऊ शकणार नाही. पण नजर ठेवायची कशी, हे शिकता येतं. आत्ता तुम्ही ती चोवीस तास ठेवताय आणि त्यात झोप घालवताय.

आधी १२ आणि १४ चं बघू. एमआरआय म्हणजे काकडीच्या चकत्या कराव्या तशी मानेची चित्रं. मानेच्या तपासणीत एकेक चकती साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. या वेळी मान टेबलावर केसभर वेगळी ठेवली गेली, की चकती गाठीच्या वेगळ्या जागेतून जाते. रेडिओलॉजिस्ट बदलला की तो मापाची रेघ वेगळीकडून कुठून तरी ओढतो. मग दोन मिलिमीटरचा फरक गाठ जागची न हलताही पडतो. तुमचे डॉक्टर याला स्टेबल म्हणाले तेव्हा ते तुमची समजूत काढत नव्हते. आणि नुसतं स्टेबल म्हणून वर्षभरासाठी सोडून न देता त्यांनी सहा महिन्यांनी बोलावलं, म्हणजे तो फरक त्यांच्याही नजरेत आहे. मला हे बरोबर वाटतं.

एक धोका मात्र याच्या उलट बाजूचा आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. दर वर्षी नव्या चित्रांची तुलना फक्त मागच्या वर्षीशी केली, तर १२ आणि १४ मध्ये 'विशेष बदल नाही', १४ आणि १६ मध्येही नाही, आणि पाच-सहा वर्षांनी लक्षात येतं की गाठ दुपटीजवळ गेली. सावकाश वाढणारी गाठ अशीच निसटते. म्हणून तुलना सगळ्यात जुन्या चांगल्या चित्राशी व्हायला हवी. ऑपरेशननंतर सूज उतरल्यावर, तिसऱ्या महिन्यात तुमचा जो एमआरआय झाला, तो तुमचा पाया. त्याची सीडी सापडते का बघा. सीडी हवी, नुसता कागद किंवा फिल्म पुरत नाही. तिच्या दोन प्रती करा, एक पेनड्राइव्हवर ठेवा, आणि दर वेळी तपासणीच्या आधी ती केंद्रावर देऊन सांगा, 'याच्याशी ताडून बघा.' जमेल तितकं केंद्रही तेच ठेवा, मशीनही तेच. दादाच्या बाबतीत एका वर्षी केंद्रावर आम्हाला सांगितलं की जुनी सीडी लागत नाही. रिपोर्ट आला, 'वाढ आहे.' पंधरा दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. मग त्याच्या सर्जननी सात वर्षांपूर्वीची आणि आताची चित्रं शेजारी-शेजारी लावली. गाठ होती तेवढीच होती.

आता, एकदाच काढून का टाकत नाहीत.

मानेतला मज्जारज्जू तुमच्या करंगळीएवढा जाड असतो. त्याच्या अगदी मधोमध एक बारीक नळी जाते, आणि तिच्या अस्तराच्या पेशींतून तुमची गाठ उगवली. म्हणजे ती बाहेरून चिकटलेली नाही, आतून वाढत भोवतीचे तंतू बाहेर रेटत गेली. गरम-थंड आणि वेदना सांगणारे तंतू नेमके मध्यभागातून एका बाजूचे दुसऱ्या बाजूला ओलांडतात, त्यामुळे पहिला मार त्यांना बसतो. म्हणून तुमच्या बोटांना तव्याचा चटका कळला नाही. ऑपरेशन करताना सर्जन पाठीमागून, मधल्या रेषेत मज्जारज्जू उघडतात. हातापायांच्या नसांचे संदेश यंत्रावर सतत बघत असतात. तुमच्या कागदांत लिहिलेलं असेल, किंवा पुढच्या भेटीत विचारा : त्या शेवटच्या तुकड्याशी आल्यावर संदेश कमी झाले होते का? बहुतेक वेळा सर्जन थांबतात ते यासाठीच. तो तुकडा राहिला म्हणून तुमच्या हातात आज खडू आहे, असंही असू शकतं. मी वॉर्डात अशी माणसं पाहिली आहेत ज्यांची गाठ शंभर टक्के निघाली आणि हाताची मूठ कायमची गेली. आणि अशीही पाहिली ज्यांची पूर्ण निघाली आणि ती धडधाकट घरी गेली. हे गाठ किती चिकटली आहे त्यावर ठरतं. कुणी किती धीट आहे यावर नाही.

दुसरं ऑपरेशन पहिल्याहून अवघड असतं, कारण मधल्या काळात तिथे व्रण धरतो, थर एकमेकांना चिकटतात. ज्याला आपल्याकडे लोक 'लाईट देणं' किंवा 'शेक' म्हणतात ती रेडिएशनची वाट आहे, पण मज्जारज्जू किती मात्रा सोसेल याला हद्द असते आणि ती मात्रा सहसा एकदाच वापरता येते. म्हणून गरज पडेपर्यंत ती राखून ठेवणारे डॉक्टरही आहेत, लगेच देणारेही आहेत. प्रौढ माणसाच्या अशा गाठीवर केमोचा फारसा उपयोग होत नाही. शस्त्रं मोजकीच आहेत, म्हणून ती उगारायची वेळ नीट निवडावी लागते.

पण वाट पाहणं म्हणजे हातपाय जाईपर्यंत वाट पाहणं नव्हे. ऑपरेशनच्या आधी माणूस जितका चालता-फिरता, तितका तो नंतर बरा राहतो. या दुखण्यात इतकी वर्षं काम करून माझी सगळ्यात पक्की झालेली गोष्ट ही. गेलेली ताकद ऑपरेशनने परत येईलच असं नसतं. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना 'काही काळजीचं नाही ना?' असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'नाही' असंच येतं. असं विचारा : 'काय झालं तर तुम्ही ऑपरेशन सुचवाल? काय झालं तर शेक? किती वाढ झाली तर?' आज, शांतपणे बसलेलं असताना, ती रेघ आखून घ्या आणि वहीत त्यांच्यासमोर लिहून घ्या. तुमच्यासारख्यांना रात्री छळतं ते बहुधा गाठीपेक्षा हे : आपण नेमकी कशाची वाट बघतोय हे माहीत नसणं. मनात शंका राहिलीच तर सगळ्या सीडी घेऊन दुसऱ्या न्यूरोसर्जनचं मत घ्यायला संकोच करू नका. मुंबईत टाटा मेमोरियल आहे, बंगळुरूला निम्हान्स आहे. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही.

दादा सोलापूर जिल्ह्यात शेती करतो. पहिली दोन वर्षं त्याचीही गत तुमच्यासारखीच होती. मग एकदा तोच मला म्हणाला, 'अगं, ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेला माणूस दिवसभर आभाळाकडे बघत बसत नाही. पाखरं सकाळी उतरतात आणि दिवस कलताना उतरतात. तेवढ्या वेळी गोफण हातात. मधल्या वेळात तो भाकरी खातो, दावं वळतो, डुलकी काढतो.' तेव्हापासून मी माझ्या सगळ्या पेशंटना हेच सांगत आले. तुमच्याही राखणीच्या वेळा ठरवून घ्या.

आठवड्यातला एक दिवस धरा. रविवार सकाळ, चहा झाल्यावर, दहा मिनिटं. एक वही करा. तिच्यात दर रविवारी एकच ओळ लिहा, तीच ती, कुठलीही. तुम्ही शिक्षिका आहात, स्वतःचं अक्षर तुमच्याइतकं कोण ओळखणार? हाताची ताकद गेल्याचं अक्षर फार लवकर सांगतं. मग हात समोर धरून मूठ पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची, जमेल तितक्या जलद, दहा सेकंद. दोन्ही हात वेगवेगळे. साधारणपणे वीस किंवा जास्त वेळा जमतं. तुमचा आकडा ऑपरेशनमुळे आधीच कमी असला तर असू दे, तो आकडा किती टिकतो ते बघायचं. मग फरशीच्या एका रेघेवरून टाचेला चवडा लावत दहा पावलं, भिंत हाताशी ठेवून. शेवटी चार प्रश्नांची उत्तरं हो-नाहीत : या आठवड्यात चप्पल पायातून न कळता निसटली का, ब्लाउजची हुकं लावताना अडलं का, खडू किंवा पेला हातातून पडला का, लघवी सुरू व्हायला वेळ लागला किंवा पूर्ण झाली नाही असं वाटलं का. तारीख घाला, वही मिटा. पुढच्या रविवारपर्यंत ती उघडायची नाही.

ही वही म्हणजे मनाची समजूत नव्हे. १८८७ साली लंडनमध्ये विल्यम गॉवर्स या डॉक्टरांनी पाय लुळे पडलेल्या एका पेशंटला नुसतं तपासून सांगितलं की मज्जारज्जूवर अमुक भागात गाठ असणार, आणि व्हिक्टर हॉर्सलींनी पाठ उघडून ती काढली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. कुठे बधिर, कुठे कमजोर, दुखणं कुठून सुरू झालं, एवढ्यावरून त्यांनी जागा ओळखली. तो माणूस पुढे वर्षभरात हिंडू-फिरू लागला. एमआरआय वर्षातून एकदा तुमच्या गाठीचा फोटो काढतो, पण मज्जारज्जू काम कसं करतोय हे फोटोत दिसत नाही. ते हातापायांत दिसतं. चांगले न्यूरोसर्जन आधी पेशंट चालत आत येतो ते बघतात, मग चित्रं लावतात. सव्वीस रविवारांची वही त्यांच्या टेबलावर ठेवाल तेव्हा १२ की १४ याचा अर्थ लावायला त्यांनाही मदत होईल.

मधल्या दिवसांत मुंग्या आल्या तर? येणारच. ज्या मज्जारज्जूवर एकदा चाकू चालला आहे तो पूर्वीसारखा गप्प बसत नाही. थंडीत पाय ताठरतात. रात्रभर जागरण झालं की बधिरपणा वाढल्यासारखा वाटतो. ताप, लघवीतला संसर्ग, नुसतं बद्धकोष्ठ, यांनीसुद्धा जुनी लक्षणं उसळतात. दादाचे पाय एकदा चार दिवसांत इतके ताठरले की आम्ही गाडी काढून निघालोच होतो. निघाला लघवीचा संसर्ग. म्हणून लक्षण वाढलं की आधी ताप बघा, लघवीची तपासणी करून घ्या, आणि दोन रात्री नीट झोपा. पेरून ठेवल्यासारखं एकाच जागी टिकून राहिलं, किंवा आठवड्यागणिक पुढे सरकत गेलं, तर डॉक्टरांना फोन.

काही गोष्टींसाठी मात्र रविवारची वाट बघायची नाही आणि एमआरआयच्या तारखेचीही नाही. पायांतली किंवा हातांतली ताकद काही तासांत, दोन-चार दिवसांत उतरत गेली. लघवी अडली, किंवा न कळता झाली. शौचावरचा ताबा गेला. मांड्यांच्या मधला, बसायचा भाग बधिर झाला. श्वास घ्यायला अडचण वाटली. मानेत पूर्वी कधी नव्हतं असं, झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं. त्याच दिवशी निघायचं, आणि जिथे न्यूरोसर्जन आणि एमआरआय दोन्ही आहेत अशा मोठ्या रुग्णालयात जायचं. सोबत ऑपरेशनचे कागद आणि सीडी. ही यादी तुमच्या मालकांनाही पाठ हवी.

घरातल्या जपण्याच्या दोन गोष्टी, कारण मी यांचे वाईट परिणाम ड्रेसिंग रूममध्ये पाहिले आहेत. अंघोळीचं पाणी त्या हाताने बघू नका. ज्या जागी गरम नीट कळतं तिथे, किंवा दुसऱ्याला बघायला सांगा. भाकरी आता हाताने उलटायची नाही, उलथनं घ्या. गरम पाण्याची पिशवी मानेला-खांद्याला लावायची नाही. आणि तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण पाठीमागून मज्जारज्जू उघडलेल्या पुष्कळांचा जातो. पाय कुठे आहेत हे सांगणारे तंतू मागच्या बाजूला असतात, त्यांना धक्का पोचलेला असतो आणि डोळे ती उणीव भरून काढत असतात. अशा वेळी बसून तोंड धुवायचं, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यायचा, रात्री वाटेवर दिवा चालू ठेवायचा. पडणं तुम्हाला परवडणारं नाही.

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. या गाठीला विरघळवणारा काढा नाही. भावाला प्रेमाने सांगा की जे काही घेईन ते डॉक्टरांना दाखवून घेईन, कारण एमआरआयच्या कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनसाठी तुमचं मूत्रपिंड चांगलं असावं लागतं आणि धातूंची भस्मं मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. मानेला झटका देऊन 'नस बसवणाऱ्या' कुणाच्याही हाती मान द्यायची नाही. या एका बाबतीत मी भांडायला तयार आहे. मुंग्यांसाठी तुम्हाला प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम थांबवू नका.

आता तपासणीच्या आधीचे दिवस. त्यात भीती वाटू नये असं मी म्हणणार नाही, ती दादाला सोळाव्या वर्षीही वाटते. पण ते दिवस कमी करता येतात. तारीख ठरवतानाच डॉक्टरांच्या भेटीची वेळ घ्या, म्हणजे रिपोर्ट हातात आणि डॉक्टर आठ दिवसांनी, असं होणार नाही. रिपोर्ट एकटीने, एसटीत बसून, मोबाईलवर उघडायचा नाही. त्यातली 'एन्हान्समेंट' (इंजेक्शननंतर उजळ दिसणारा भाग), 'सिरिंक्स' (मज्जारज्जूतली पाण्याची पोकळी), 'सिग्नल चेंज' (चित्रातल्या छटेतला फरक) ही नावं गाठ असलेल्या पुष्कळांच्या कागदावर असतात. जुन्या कागदावरही होती का, एवढंच विचारायचं. मशीनमध्ये जीव घाबरत असेल तर आधी सांगा, हातात बटण देतात, डोळ्यांवर रुमाल ठेवता येतो. आणि त्या आठवड्यात शाळेत वार्षिक तपासणी, घरात पाहुणे, असं काही घेऊ नका. तो आठवडा राखणीचा. झोप तरीही परत आली नाही, दोन-तीन आठवडे असंच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मी माझ्या भावाला पाठवलं होतं, आणि उशिरा पाठवलं याची मला आजही खंत आहे.

सासूबाईंचं म्हणणं मला लबाडीचं वाटत नाही. त्यांच्या जगात ऑपरेशन म्हणजे संपलं. अपेंडिक्स काढलं, बरं झालं; गर्भाशय काढलं, बरं झालं. तुमच्या मानेवरचा व्रणही आता केसांखाली गेला असेल. त्यांना कळणार कसं? त्यांना एमआरआयचं समजावत बसू नका. 'आई, थोडी गाठ आत राहिली आहे. डॉक्टरांनी मुद्दाम ठेवली, नाहीतर हात गेला असता. म्हणून मला जड उचलायचं नाही आणि दर वर्षी तपासणी करायची.' एवढी तीन वाक्यं, आणि शक्य तर तुमच्या मालकांनी म्हणावीत. आपल्या घरांत मुलाच्या तोंडून आलेलं ऐकलं जातं. हे मला आवडतं असं नाही, पण पाण्याची कळशी उचलायचं थांबत असेल तर कोण बोललं याला महत्त्व नाही. त्यांना एकदा डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्या. वॉर्डात मी पाहिलं आहे, सर्जनच्या तोंडून एकदा ऐकलेल्या सासवा पुढे सगळ्या गल्लीला दटावतात.

शाळेत कुणाला काय वाटतं यावर तोडगा कागदाने काढा. हातापायांत कमीपणा राहिला असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून दिव्यांगत्वाची तपासणी करून घ्या, यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर सवलतींचे पुष्कळ दरवाजे उघडतात. बदल्यांच्या वेळी विशेष संवर्गाचा, म्हणजे आजारी-दिव्यांग शिक्षकांना प्राधान्य मिळतं त्या गटाचा, अर्जही मुख्याध्यापकांशी बोलून नीट भरा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. वर्ग तळमजल्यावर मागणं, खुर्चीवर बसून शिकवणं, हा तुमचा हक्क आहे. 'तीन वर्षं तक्रार न करता केलं' हे भूषण म्हणून मिरवू नका, त्यातून शरीर खर्ची पडतं.

राहिली मुलगी. बाई, तिला माहीत आहे. तेरा वर्षांचं मूल घरात तीन वर्षं कुजबुज ऐकतंय, आईच्या मानेवरचा व्रण बघतंय, सीडीची पिशवी कपाटाच्या वर ठेवलेली बघतंय. तिने स्वतःच्या मनाने जे जुळवलं असेल ते खऱ्यापेक्षा भयंकर असणार. इंटरनेटवर ट्यूमर हा शब्द शोधून तिने काय वाचलं असेल, याचा विचार करा. तिला बसवून खरं सांगा, थोडक्यात. गाठीचं नाव सांगा. ती सावकाश वाढणारी आहे हे सांगा. अंगभर पसरणारे जे कॅन्सर ती ऐकून असते, त्यांच्यासारखी ही सहसा वागत नाही, हे सांगा. मज्जारज्जूत कुठे आहे ते विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृतीवर दाखवा, शिक्षिकेच्या लेकीला ते आवडेल. तू मरणार आहेस का, असं विचारलं तर 'या गाठीने लगेच काही होत नाही, आणि काही बदललं तर मी तुला लपवून ठेवणार नाही' असं म्हणा, आणि ते पाळा. रडली तर रडू द्या, तुम्हीही रडलात तरी चालेल.

आणि रविवारच्या वहीतलं एक काम तिला द्या, महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी. बाकीचं ओझं तिच्यावर टाकू नका. तुम्ही मुठी उघडायच्या-मिटायच्या, आणि दहा सेकंद घड्याळ धरून मोजायचं तिने.